माझ्या नावापुढचं अ.पा.क.

बारावीचा निकाल लागल्याच्या तिसऱ्या दिवशी आई आणि मी सकाळच्या एसटीने दापोलीला गेलो. रत्नागिरीच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि दाखल्यासाठी सातबारा. सेवा केंद्रातल्या दादाने गट नंबर विचारला. आईने तो तोंडपाठ सांगितला. १५ रुपये भरले, प्रिंटर कुरकुरला आणि डिजिटल सहीची तीन पानं बाहेर आली. आमच्या आगराचा सातबारा मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला.

त्यावर ३१ नावं होती. पणजोबांचे चार मुलगे, त्यांची मुलं, नातवंडं. लालबागची माणसं, नालासोपाऱ्याची, डोंबिवलीची, एक कुटुंब थेट बडोद्याचं. त्यातली ९ माणसं वारलेली, पण कागदावर अजून होती. माझे बाबा २०१७ साली गेले. छातीत दुखायला लागलं आणि दापोलीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि भाऊ आठचा. बाबांच्या जागी वारस म्हणून आमची तीन नावं चढली होती. आईचं साधं, सरळ. माझ्या आणि भावाच्या नावापुढे मात्र तीन अक्षरं होती, अ.पा.क., आणि त्यानंतर पुन्हा आईचं नाव.

"हे काय?" मी विचारलं.

"अज्ञान पालनकर्ता," दादा म्हणाला. "बाबा गेले तेव्हा तू लहान होतीस ना, म्हणून आई पालनकर्ती. आता अठरा पूर्ण असतील तर तलाठ्याकडे अर्ज दे. अ.पा.क. कमी करून मिळतं."

कायद्याच्या मराठीत अठराच्या आतला माणूस अज्ञान आणि अठरा पूर्ण झालेला सज्ञान. मला अठरा पूर्ण झाली होती फेब्रुवारीत, तोंडी परीक्षा आणि लेखी परीक्षा यांच्या मधल्या एका दिवशी. आईने शिरा केला होता, मैत्रिणींनी स्टेटसला फोटो लावले होते. त्या दिवसापासून मी सज्ञान आहे हे कुणी म्हणालं नाही आणि मलाही सुचलं नाही. आगर किती मोठं आहे, त्यातलं आमचं किती, बांध कुठे संपतो, घरपट्टी कोण भरतं, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. घरी जाताना एसटीत मी ती तीन पानं पुन्हा पुन्हा वाचली. आई खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

आमचं गाव हर्णै आणि केळशीच्या मधल्या पट्ट्यात आहे. समुद्र, मग सुरूची झाडं, मग रस्ता, आणि रस्त्याच्या आतल्या बाजूला ओळीने घरं. प्रत्येक घराच्या मागे आगर. पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, माड, पोफळीवर चढवलेली काळी मिरी, मधेच एखादा फणस, विहिरीजवळ केळी. बाबा रिक्षा चालवायचे आणि आगर करायचे. ते गेल्यावर आगर एकट्या काकाच्या अंगावर पडलं. बाकीच्या घरांतली माणसं गणपतीला, शिमग्याला यायची, सुपारी-नारळाचा वाटा घेऊन जायची. त्यांना दोष देण्यासारखं काही नाही, पोटामागे गेलेली माणसं. पण शिंपणं काकाच करायचा, सुपारी-नारळ उतरवायला पाडप काकाच लावायचा, आणि दर दोन महिन्यांनी आईच्या हातात पैसे ठेवताना "वहिनी, मोजून घे" म्हणायचाही काकाच.

त्यात निसर्ग वादळ आलं. ३ जून २०२०. शाळा लॉकडाऊनमुळे बंदच होती. सकाळपासून वारा होता, दुपारी तो सरळ अंगावर आला. श्रीवर्धनच्या बाजूला वादळ जमिनीवर चढलं आणि त्याच्या दक्षिणेला आमचा सगळा पट्टा सापडला. पोफळ मोडते तेव्हा कोरडा आवाज येतो, वाळकी फाटी गुडघ्यावर मोडावी तसा, पण कितीतरी मोठा. आम्ही माजघरात बसून ते आवाज मोजत होतो. काही वेळाने मोजणं सोडून दिलं. ओटीचं दार आत येऊ बघत होतं आणि काका पाठ लावून ते धरून उभा होता. दोन तास तरी उभा असेल. वारा पडल्यावर तो बाजूला झाला तेव्हा त्याच्या खांद्यावर दाराच्या आडण्याचा वळ उठलेला होता, काळानिळा. तो मी पाहिला आहे. हे इथे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात काकाचं वजन कमी पडू नये.

साडेचारशे पोफळींपैकी पावणेतीनशे आडव्या झाल्या होत्या. वाडीत वीज यायला जवळजवळ महिना लागला. काकाने आधी आमच्या घराची कौलं बसवली, मग स्वतःच्या. पुढच्या पावसात, २०२१ साली, त्याने श्रीवर्धनी जातीची रोपं आणून लावली, केळींच्या सावलीत, ९ फुटांवर एक. पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते. पन्नाशीला आलेल्या माणसाने सगळं नव्याने लावणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी रोपांच्या पिशव्या फाडून देण्याचं काम करत होते.

कॉलेज सुरू झालं. मारुती मंदिराजवळ चार मुलींत मिळून एक खोली, मेसचा डबा, खिडकीतून येणारी खारी हवा. पहिल्यांदा करण्याच्या पुष्कळ गोष्टी त्या वर्षी केल्या. बँकेतलं बाल खातं बदलून घेतलं, गॅसचा रेग्युलेटर लावायला शिकले, भाड्याच्या पावतीवर सही केली, २० नोव्हेंबरला विधानसभेचं पहिलं मत दिलं. या सगळ्याचं अप्रूप दोन-चार दिवसांत ओसरलं. कसोटी लागली ती त्या सातबारावरून.

२०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला आले. ३१ नावांतली जिवंत बहुतेक माणसं घरात होती. ओटीवर भजन, पडवीत पत्ते, माजघरात मोदकांचा घाणा. कागदावर पाहिलेली नावं मी पहिल्यांदाच चेहऱ्यांना जोडून बघत होते. हा अमुक, याचा हिस्सा एवढा. ही तमुक, हिच्या वडिलांचं नाव अजून कमी झालेलं नाही. गौरी गेल्यानंतरच्या दुपारी काकाने मला परसात बोलावलं. तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता, हातात सुपारी आणि अडकित्ता.

"बाय, तू आता सज्ञान झालीस," तो म्हणाला. "एक सही लागेल तुझी. हक्कसोड."

चुलतभावाला आगराच्या कडेला होमस्टे बांधायचा होता. आमच्याकडे आता पर्यटक वर्षभर येतात, केळशीला, आंजर्ल्याला, हर्णैच्या मासळी लिलावाला. त्यात काही वाईट नव्हतं. बँक मात्र एवढी नावं असलेल्या जमिनीवर कर्ज द्यायला तयार नव्हती. काकाने ठरवलं होतं की आधी घरातल्या मुलींची नावं कमी करायची, आत्याचं, माझं, मग इतर घरांतल्या लेकींची. यादी निम्मी होते. राहिलेल्या पुरुषांशी बोलता येईल.

"इतकी वर्षं थांबलो, अज्ञानाची सही चालत नाही म्हणून. तुझं माहेरपण आम्ही कधी मोडणार नाही. हे घर तुझंच." अडकित्ता एकदा वाजला. "तुला माहीत आहे ना, मी कधी हिशेबात फरक केला नाही."

मला माहीत होतं. मी म्हणाले, बघते काका. तो म्हणाला, सावकाश बघ, घाई नाही. मग त्याने कातरलेली सुपारी माझ्या हातावर ठेवली, लहानपणी ठेवायचा तशी, चिमूटभर.

मी हे आईला सांगितलं नाही. मला वाटलं, मोठं होणं म्हणजे आपला प्रश्न आपणच सोडवणं. आईच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे, तिच्यात आणि काकात माझ्यामुळे वाकडं येऊ नये. रत्नागिरीला परत गेल्यावर मला ताप आला, चांगला चार दिवस. खोलीतल्या मुलींनी पेज करून घातली. ताप उतरल्यावर मी आईला फोन केला आणि जरा अभिमानानेच सांगितलं की येऊन गेला, आता बरी आहे. आई थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "ताप असताना सांगायचं असतं गो. उतरल्यावर सांगितलंस तर मी काय करू त्याचं?" फोन ठेवल्यावर मला हक्कसोडीची आठवण झाली, पण तेव्हाही सांगवलं नाही.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला करारांचा कायदा होता. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम ११, करार करायला पात्र कोण. बाई शिकवताना मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा खटला सांगत होत्या. कलकत्त्यातल्या एका अज्ञान मुलाने घर गहाण टाकून कर्ज घेतलं, पुढे प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९०३ साली निकाल लागला की अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल. वर्गात सगळ्यांनी 'मुळातच रद्दबातल' खाली रेघ मारली. मी उलटा विचार करत बसले. म्हणजे कालपर्यंत माझ्या सहीला काहीच किंमत नव्हती आणि आजपासून ती पक्की. फेब्रुवारीतल्या त्या एका रात्रीत मी कुठलं शहाणपण मिळवलं होतं? तरी कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ती माझ्यावरून गेली होती.

तास संपल्यावर मी बाईंना गाठलं. नावं-गावं न सांगता विचारलं. त्यांनी सांगितलं ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच, जन्मापासूनच हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितलं. महाराष्ट्राने तर त्याआधी, १९९४ सालीच, अविवाहित मुलींना हा हक्क दिला होता. मी तारखांकडे बघत राहिले. देशभरचा कायदा झाल्यावर पाच महिन्यांनी माझा जन्म झाला होता. निसर्ग वादळात मोडलेल्या पोफळी काका कापून बाजूला करत होता, त्याच पावसाळ्यात दिल्लीत तो निकाल लागला होता.

"कायदा झाला," बाई म्हणाल्या. "आता तुला काय हवंय ते सांग."

मला सांगता येईना. जमीन विकायची नव्हती, तिथे घर बांधायचं नव्हतं. चुलतभावाचं वाईट व्हावं असं तर स्वप्नातही नव्हतं. मग नाव कशाला हवं होतं? बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही, दुसऱ्या वर्गावर गेल्या. तो प्रश्न महिनाभर माझ्याजवळ राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत आई भाऊबीजेला माहेरी निघाली. तिचं माहेर गुहागर तालुक्यात. आमच्याकडून जायचं तर दाभोळला फेरीबोट धरायची, वाशिष्ठीची खाडी ओलांडून पलीकडे धोपाव्याला उतरायचं. मीही तिच्याबरोबर निघाले. बोटीवर खाली गाड्या, मोटारसायकली, कोंबड्यांची एक जाळी. आम्ही वर कठड्याला टेकून उभ्या होतो आणि बोट सुटल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं. गौरीची दुपार, सही, बाईंनी सांगितलेलं सगळं.

आई रागावली नाही. खाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी केलीय सही. तू व्हायच्या आधी. लग्नाला वर्ष झालं होतं. मामा न्यायला आला, गुहागरला कचेरीत गेलो, अंगठा पण घेतात, सही पण. जेवलो, साडी घेतली, संध्याकाळच्या बोटीने परत."

"तुला वाईट वाटलं?"

"वाईट कशाला? भाऊ आहे माझा. आजवर त्याने मला एका शब्दाने तोडलं नाही." बोटीचा भोंगा वाजला, ती थांबली. "आपण मे महिन्यात रातांबे काढायला जातो ना तिकडे, आमसुलं करायला. विहिरीपाठचं झाड. त्या झाडावर मी लहानपणी दिवसदिवस बसलेली असायचे. आता आधी आत जाते नि वहिनीला विचारते, काढू का. ती दर वेळी म्हणते, वन्सं, विचारता काय, तुमचंच आहे. कधी नाही म्हणत नाही गो ती." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "पण मी विचारते."

धोपावं आलं. आईने पिशवी उचलली. मामाकडे ती नेहमीसारखीच हसली, ओवाळलं, वहिनीला फराळाचं आवरू लागली. मी विहिरीपाठी जाऊन ते झाड बघून आले. नोव्हेंबरात रातांब्याला काही नसतं, नुसतं हिरवंगार, खाली लोंबणाऱ्या फांद्यांचं. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. मला विचारायला लागू नये एवढंच हवं होतं.

पण हे काकाला कसं सांगायचं? परका माणूस असता, वाईट माणूस असता तर सोपं होतं. ज्याने पाठ लावून दार धरलं, ज्याने आधी आमची कौलं बसवली, त्याच्यासमोर उभं राहून नाही म्हणायचं होतं. या दोन वर्षांत मी जे काही शिकले असेन त्यात हे सगळ्यात अवघड. ज्याचं खरोखर देणं लागतो त्याला नाही म्हणणं, आणि म्हणून झाल्यावर तिथेच उभं राहणं. पळून रत्नागिरीला न जाणं, फोनवर न सांगणं, आईला मधे न घालणं. उपकाराची फेड सहीने करावी, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. फेड तर करायलाच हवी. पण ती सहीने केली असती तर पुढे आयुष्यभर मी काकाकडे मोकळेपणाने बघू शकले नसते, आणि त्याला कधी कळलंही नसतं का ते.

मी कागदावर हिशेब मांडला. कॉमर्सची मुलगी, तेवढं येत होतं. आगराचं क्षेत्र ६२.४० आर. पणजोबांचे चार मुलगे, म्हणजे आजोबांचा चौथा हिस्सा. आजोबांची तीन मुलं, म्हणजे बाबांचा बारावा. बाबांमागे आम्ही तिघं, म्हणजे माझा छत्तिसावा. १.७३ आर. १७३ चौरस मीटर. ९ फुटांवर एक पोफळ धरली तर २३ पोफळी. एवढंच होतं सगळं. तो कागद घेऊन मी संध्याकाळी आगरात गेले. काका पाटातला गाळ काढत होता.

"काका, मी हक्कसोड करणार नाही," मी म्हणाले. आवाज लागत नव्हता, पुन्हा म्हणाले. "दादाच्या कर्जासाठी जी संमती लागेल ती देते, होमस्टेच्या जागेपुरती. लिहून देते, सही करते. पण नाव काढणार नाही. माझं फार नाही त्यात. हिशेब केलाय मी. तेवीस पोफळी होतात."

त्याने खोरं बाजूला ठेवलं. कागद घेतला नाही.

"कुठल्या तेवीस?" त्याने विचारलं.

मी आजूबाजूला बघितलं. पुढे उंच जुन्या पोफळी, मागे वादळानंतरची छातीभर रोपं, मधे माड. वाटप झालेलं नव्हतं. सातबारावर हिस्सा होता, जमिनीवर तो कुठेच नव्हता. माझी अशी एकही पोफळ नव्हती आणि तिथल्या प्रत्येक पोफळीत माझा छत्तिसावा भाग होता. ३१ माणसांचं सगळं असंच एकमेकांत मिसळलेलं. कॉलेजात आल्यापासून मोठं होणं म्हणजे आपलं असं काहीतरी असणं, असं मला वाटत होतं. आपली खोली, आपले पैसे, आपला निर्णय. इथे आपलं म्हणून बोट ठेवायला गेलं की बोटाखाली तीस जण निघत होते.

काका चालायला लागला, मी मागून. "या तुझ्या आजोबांच्या," तो म्हणाला. "या माझ्या लग्नाच्या वर्षी लावल्या. या इथे तुझ्या बाबाने सतरा लावल्या होत्या, तू पोटात होतीस तेव्हा." त्याने एका खोडावर हात ठेवला. "चार राहिल्या."

त्या चार मला कुणी कधी दाखवल्या नव्हत्या. मी त्यांच्याखाली खेळले होते, पोफळीच्या गळून पडलेल्या विरीवर भावाला बसवून फरफटत नेलं होतं.

"नाव ठेवणार म्हणतेस," काका म्हणाला. "ठेव. शिंपायला कोण येणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो रागाने बोलला नव्हता. त्याचा प्रश्न बरोबर होता आणि माझं नाही म्हणणंही बरोबर होतं. दोन्ही एकाच जागी उभं राहून बरोबर असू शकतात हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं.

त्यानंतर काका माझ्याशी बोलेनासा झाला. भांडला नाही. काकूचा डबा आईकडे येत राहिला, पैसेही वेळच्या वेळी मोजून आले. पण शिमग्याला पालखी घरी आली की तो मला फोन करून ढोल ऐकवेल असं वाटलं होतं, तो फोन आला नाही. चुलतभाऊ गणपतीत माझ्याशी तोंडदेखलं बोलला. मुंबईच्या एका आत्याने आईला सांगितलं, मुलीला शिकवलं की असं होतं. आईने ते मला महिनाभराने सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात मला वेगळंच काहीतरी ऐकू आलं. तिने मला एकदाही सही कर म्हटलं नव्हतं, करू नको असंही म्हटलं नव्हतं.

पहिल्या वर्षाच्या परीक्षा संपल्यावर, मे २०२५ मध्ये, मी तलाठी कार्यालयात अर्ज दिला. विषय: सातबारावरील अ.पा.क. शेरा कमी करणेबाबत. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जुना सातबारा. तलाठी भाऊसाहेबांनी जन्मतारीख दोनदा वाचली, फेरफार नोंद धरली, हितसंबंधितांना नोटीस निघाली. हरकतीसाठी १५ दिवस. कोतवाल नोटीस घेऊन वाडीत आला त्या दुपारी मी पडवीत आंब्याची साठं वाळत घालत होते. तो पलीकडे काकाकडे गेला. काकाने चष्मा लावला, कागद पूर्ण वाचला, माझं नाव जिथे होतं तिथे जरासा थांबला असं मला लांबून वाटलं. मग पोच म्हणून सही केली आणि काकूला हाक मारून कोतवालासाठी चहा सांगितला.

कुणाची हरकत आली नाही. सर्कलनी, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांनी, नोंद प्रमाणित केली आणि मी नवा सातबारा काढला, १५ रुपयेच. माझं नाव आता नुसतं होतं. त्याच्या खाली भावाचं, अजून अ.पा.क. सकट. तो तेव्हा सोळाचा होता. त्याला मी ते वाचायला दिलं, ३१ नावं मोजायला लावली, कोण कुणाचं ते सांगितलं. त्याने विचारलं, माझं पण अठराव्या वर्षी असंच निघेल? म्हटलं, निघेल. हक्कसोड मागायला त्याच्याकडे कुणी येणार नाही हे तेव्हा बोलले नाही. पण त्याला ते कळायला हवं आणि मी त्याला सांगणार आहे.

त्याच सुट्टीपासून मी शिंपायला जायला लागले. काकाने बोलावलं नव्हतं. पहाटे मोटरचा आवाज आला की उठायचं आणि जाऊन उभं राहायचं. पहिले आठ-दहा दिवस तो माझ्याकडे बघायचाही नाही. मी पाटाच्या टोकाला उभी राहायचे, त्याने एक आळं भरून बांध घातला की पुढचा मोकळा करायचे. तो काही सांगत नसल्यामुळे चुकत चुकत शिकले. चिखलाचा बांध पायाने घालायचा, हाताने नाही, हाताने केला की पाणी खालून सुटतं. माडाला पाणी जास्त, पोफळीला बेताचं. पाण्याचा आवाज बदलला की आळं भरलं. रोज पाचला उठून दुपारी हातपाय दुखायला लागल्यावर मला वादळानंतरच्या वर्षी त्याने लावलेल्या रोपांचा अर्थ लागायला लागला. ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणी आली तेव्हा काकाच्या फोनवर ॲप चालेना. मी माझ्या फोनवरून आगरात उभं राहून फोटो काढला. पोफळ, माड, काळी मिरी, एकेक भरत गेले. तो शेजारी उभा राहून बघत होता. "मिरीचे वेल किती घातलेस?" एवढंच विचारलं. मी आकडा सांगितला. त्याने दुरुस्त केला.

होमस्टेचं अजून अडलेलंच आहे. माझी संमती त्याच्या फायलीत लागली, आत्याचीही लागली, तिनेही हक्कसोड केली नाही. मुंबईच्या तिघांच्या सह्या राहिल्यात. दादा आता माझ्याशी पूर्वीसारखा बोलतो की नाही हे मला नीट सांगता येणार नाही. काही दिवस बोलतो.

यंदाच्या सुट्टीत आले त्याच रात्री काकाने ओटीवरून हाक मारली. "उद्या पाळी आहे पाण्याची. लाइट सहाला जाते, साडेचारला मोटर लावतोय." मी हो म्हटलं. पहाटे गेले तेव्हा तो विहिरीजवळ बॅटरी घेऊन उभा होता. पाट अंधारात दिसत नव्हता, पायांना कळत होता. आम्ही पुढून मागे आलो, जुन्या पोफळींतून वादळानंतरच्या रोपांत. ती आता दोन पुरुष उंच झालीत. उजाडत होतं. एका पोफळीपाशी काका थांबला आणि बॅटरी वर धरली. पानाच्या बगलेत पोय, म्हणजे फुलोरा, फुटली होती, या रोपाची पहिली, फिकट पिवळी, अजून अर्धी मिटलेली. तिचा वास खाली येत होता.

"ही २१ च्या पावसातली," तो म्हणाला. "पिशव्या तू फाडत होतीस."

मी वर बघत राहिले. पायाखाली पाण्याचा आवाज बदलला.

"आळं भरलं बाय," काका म्हणाला. "पुढचं सोड."